हैबती माग्याची काठी

सांगतो, सांगतो. दुपारचं जरा आडवं व्हावं म्हटलं तर तेवढंही सुख नाही या घरात. म्हणे आबा, एक गोष्ट लिहून द्या, सगळ्यांना पाठवायची आहे. कोण हे सगळे? त्यांना कामधंदा नाही काय? माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा शुद्धलेखनाचं मला काही विचारायचं नाही. आणि वाचताना मधे पेंगायचं नाही. पेंगायचं असतं तर मी अंगाई लिहिली असती.

तर फार मागची गोष्ट. किती मागची ते मलाही ठाऊक नाही. एका घाटाच्या तोंडाशी राजाची एक चौकी होती. चौकीत माणसं तीन. रायाजी जमादार हा त्यातला मोठा, त्याला तट्टू आणि तलवार. गोंदा शिपाई, त्याला एक भाला आणि कायमची भूक. आणि तिसरा हैबती माग्या. माग्या म्हणजे माग काढणारा. चोर पळाला की जमिनीवरचं पाऊल बघत हा त्याच्या पाठी निघायचा. हैबतीजवळ हत्यार नव्हतं. एक काठी होती. पण त्या मुलुखात लोक काठीला जेवढे भ्यायचे तेवढे जमादाराच्या तलवारीला भीत नव्हते.

का, ते आधी समजून घ्या. राजाचा कायदाच तसा होता. चोराचा माग ज्या गावाच्या शिवेत शिरला आणि बाहेर निघाला नाही, त्या गावानं चोरी भरून द्यायची. माग तुटला तिथं माग्या काठी रोवायचा. काठी रोवली की गाव बसलं डोक्याला हात लावून. मग गावाला दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंत मुदत. तेवढ्यात पाहिजे तो माग्या आणावा आणि चोर आपल्या शिवेबाहेर गेला हे दाखवावं. दाखवलं तर सुटका, काठी पुढच्या शिवेत. नाही दाखवलं तर भरा. पैसा नसेल तर घर, गुरं, शेत, असेल ते जप्त. आणि गावानं बोलावलेल्या माग्याला नाही म्हणायची सोय नव्हती. वैद्याला जशी नसते तशीच.

हैबतीनं आजवर काठी खोट्या जागी रोवली नव्हती. त्याचा बाप तसाच, आजा तसाच. पण आता हैबतीचे गुडघे गेले होते. वाकलं की उठवत नव्हतं, उठलं की वाकवत नव्हतं. त्याला दुसरं काही नको होतं. एक दुभती म्हैस, एक खाट, आणि दुसऱ्याच्या पावलांपाठी पुन्हा कधी धावायला लागू नये, बस.

त्या वर्षी पेठेत जत्रा भरली. एका व्यापाऱ्यानं आपले सगळे घोडे विकले आणि मोहरांची कातडी थैली उशाला घेऊन निजला. पहाटे बघतो तर उशाला दगड. थैली गेली, चोर गेला. चौकीला वर्दी आली आणि तिघंही सुटले.

काय तो पाठलाग सांगू. चोर तरणाताठा, पायाला वारा लागलेला. हैबती पुढे, मान खाली. ओढ्यात माग हरवला, हैबतीनं पलीकडच्या काठावर दगडाला लागलेला ओला चिखल शोधला. खडकाळीवर हरवला, हैबतीनं चेंगरलेलं गवत बोटानं चाचपलं. पाठी जमादाराचं तट्टू फेसाळलेलं, त्याच्या पाठी गोंदा भाल्याचा टेकू घेत धापा टाकतोय. बुरुडवाडीच्या शिवेत शिरले, वाडीच्या मागून, कोणाला न दिसता बाहेर पडले, दरीत उतरले. आणि उन्हं डोक्यावर यायच्या सुमाराला चोर दिसला. नदीच्या कड्यावर उभा होता. मागे हे तिघे, पुढे पुराचं पाणी. त्यानं एकदा मागे पाहिलं. पोहायचं तर थैलीचं वजन झेपणार नाही हे त्याला कळलं असावं. त्यानं थैली फेकली झुडपात, आणि उडी घेतली. पाण्यानं त्याला असा ओढला की पुन्हा डोकं दिसलं नाही. मेला की तरला, ते आजवर कोणाला माहीत नाही.

थैली करवंदीच्या जाळीत अडकली होती. गोंदानं काढली. तोंड सैल झालं होतं, आत ऊन पडलं आणि मोहरा चमकल्या. तिघांचीही डोकी थैलीवर वाकली.

इथंच त्यांनी थैली उचलून पेठेकडे निघायला हवं होतं. व्यापाऱ्यानं पाया पडून थैली घेतली असती, राजानं पागोटं दिलं असतं, गोष्ट संपली असती आणि मी झोपलो असतो.

पण जमादार खाली बसला. म्हणाला, चोर गेला हे आपण पाहिलं, थैली राहिली हे कोणी पाहिलं? गोंदाच्या तोंडाला तर आधीच पाणी सुटलं होतं. हैबती म्हणाला की माग नदीवर तुटला असं सांगितलं तर ही दरी घाटात येते, घाट चौकीच्या हद्दीत, म्हणजे भरपाई चौकीवरच बसेल. जमादारानं ते आधीच ताडलं होतं. त्यानं हातानं मागच्या बाजूला, चढावर दाखवलं. तिकडे बुरुडवाडीचा धूर दिसत होता.

वाडी ती केवढी. सुपं आणि टोपल्या विणून विकणारी माणसं. त्यांच्याजवळ एकच दौलत, वाडीच्या अंगाला वाढलेली वेळूची बेटं. बेटं गेली की सूप गेलं, सूप गेलं की चूल गेली. त्यांच्या बाजूनं बोलणारा दरबारात कोणी नव्हता. म्हणूनच तर जमादारानं त्यांना निवडलं.

हैबती नाही म्हणाला. एकदा म्हणाला, दुसऱ्यांदा जरा हळू म्हणाला. जमादार त्याच्या शेजारी येऊन बसला आणि मायेनं बोलल्यासारखं बोलला, “जन्मभर चोरांच्या पाठी वाकत फिरलास हैबती. चोर म्हातारा होत नाही, नवा येतो. तू मात्र झालास. उद्या तुला ऊठबस झाली नाही की राजा तुला दाणे घालणार आहे काय?”

हैबतीनं उठायचा प्रयत्न केला आणि गुडघा कळवळला. गोंदानं हात देऊन उठवलं. तेवढ्यानं काम झालं. माणूस मोठ्या गोष्टीनं विकला जात नाही, असल्या बारीक कळेनं विकला जातो.

थैली कपारीत दडवली, वर दगड लोटले. चौकीवर नेता येत नव्हती, तिथं व्यापारी वाट बघत बसला असणार. मग निरगुडीच्या फांद्या तोडल्या आणि वाडीच्या कडेपासून दरीपर्यंत चोराची पावलं झाडून टाकली. कोणी झाडली? हैबतीनंच. त्याच्याइतकी सफाईनं कोणाला जमणार? दिवस कलता कलता त्यानं वाडीच्या मधोमध, कारभाऱ्याच्या अंगणासमोर काठी रोवली आणि खाली बघत म्हणाला, “माग इथं तुटला.”

वाडीत रडारड झाली. ती काय मी लिहीत बसत नाही. ज्याच्या दारात असली काठी आली असेल त्याला ती ऐकू येईल, बाकीच्यांना लिहूनही यायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे चौकीत बसून मुदत संपायची वाट बघत होते. व्यापारी ओट्यावर येरझाऱ्या घालत होता. तेवढ्यात बुरुडवाडीचा म्हादू कारभारी चार माणसं घेऊन आला. मागे साळू नावाची बाई, तिच्या हातात भाकरीचं फडकं. जमादारानं मिशीवर हात फिरवला, त्याला वाटलं गयावया करायला आले. गयावया ऐकायला त्याला आवडायचं.

म्हादू जमादाराकडे वळलाच नाही. सरळ हैबतीसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आम्हाला माग्या पाहिजे. आम्ही तुला बोलवायला आलोय, हैबतीदादा.”

गोंदाच्या हातातली चिलीम खाली पडली. जमादारानं सगळा विचार केला होता, हा केला नव्हता. आजवरचं प्रत्येक गाव शेजारून दुसरा माग्या आणायचं, काठी रोवणाऱ्याशी वैर धरायचं. ज्यानं आपल्या दारात काठी रोवली त्यालाच मदतीला बोलावणारे हे पहिलेच. जमादार खेकसला की अरे येडपटांनो, यानंच तर माग तुटल्याचं सांगितलंय, हा आता दुसरं काय सांगणार?

म्हादू शांतपणे म्हणाला, “खालच्या गावचा माग्या स्वस्तात येत होता. पण आमच्या वाडीत चोर नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणजे माग बाहेर गेलेला आहे. काल हा दमलेला होता, काहीतरी नजरेतून सुटलं असेल. माणूस आहे. पण याच्यासारखं खरं बघणारा दुसरा नाही, म्हणून यालाच धरलं.”

साळूनं फडकं हैबतीच्या पुढ्यात सोडलं. “खाऊन घे आधी. उपाशी माणसाला धड दिसत नाही. आणि आज नीट बघ, काल बघितलंस तसं नको.”

हैबतीनं घास तोंडात घातला. साळूकडे न बघता भाकरी संपवली.

नाही म्हणायची तर सोय नव्हती. निघाले. पुढे हैबती, बाजूला तट्टूवर जमादार, मागे गोंदा, व्यापारी, आणि वाडीच्या कडेला येईपर्यंत अख्खी वाडी. त्या लोकांनी कालपासून शेळ्या दावणीला बांधून ठेवल्या होत्या, कोंबड्या डालग्याखाली झाकल्या होत्या. कशाला? तर जमीन तुडवली जाऊ नये, माग मोडू नये म्हणून. त्यांना कोण सांगणार की माग कालच झाडून टाकलाय.

हैबतीनं काठी उपटली. वाटेत जमादार तट्टूवरून वाकला आणि त्याच्या कानाशी पुटपुटला की घाबरू नकोस, गाडीवाटेनं वरच्या गावाकडे घे. तिथला पाटील गब्बर आहे, चोरी भरून देईल आणि ढेकरही देणार नाही. वाडी सुटली, आपण सुटलो, कोणाचं काय बिघडलं?

हैबतीला ते पटलं. खरंच पटलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. तो वाडीच्या कडेला आला, दरीकडे जाणाऱ्या उताराकडे पाठ केली आणि गाडीवाटेवर वळला. मागे बायकांनी सुस्कारा सोडला. कोणीतरी म्हणालं, बघा, निघाला माग. साळू म्हणाली, “मी म्हटलं नव्हतं? पोटात भाकरी गेली की दिसतं.”

हैबती वाकला. गाडीवाटेच्या फुफाट्यात पावलंच पावलं होती. आता यातलं एक चोराचं आहे म्हणून काठीनं दाखवायचं, की झालं. पण कुठलं?

हे एक रुंद, मधे चिरलेलं, हे वरच्या गावच्या कुंभाराचं, तो कालच मडकी घेऊन जत्रेला गेला होता. हे एक पाय ओढत गेलेलं, ती दूधवाली, तिचा डावा पाय लहानपणीच अधू झाला. हे दोन जोडीनं, एक मोठं एक इवलं, कोणी लेक घेऊन माहेरी चाललेली. हैबतीला सगळी पावलं ओळखीची. चेहरे तो विसरायचा, पाऊल नाही. त्यानं काठी उचलली, कुंभाराच्या पावलावर धरली, तिथून सरकवली, दूधवालीच्या पावलावर आणली. पण टेकवली कुठंच नाही. खोटा माग काढायचा तर तो हवेत निघत नाही. कुणाचं तरी खरं पाऊल त्याला लागतं. काल वाडीत काठी रोवली तेव्हा त्यानं मान वर केली नव्हती, म्हणून जमलं होतं. आज मान खाली होती आणि खालीच सगळी माणसं दिसत होती.

वरून जमादार म्हणाला, “दाखव की. कशाला थांबलास?”

हैबती उठला. कोणाचा हात न घेता उठला. वळून लोकांना म्हणाला, “इथून नाही. मागे फिरा.”

जमादाराचा चेहरा पांढरा पडला. हैबती उताराशी आला आणि काठी टेकून उभा राहिला. समोरची माती एकदम साफ होती. पान नाही, काडी नाही, मुंगीची रांगसुद्धा मोडलेली.

“ही जमीन झाडलेली आहे,” तो म्हणाला. “निरगुडीच्या फांदीनं. चोर इथून दरीत गेला. मी काल पाहिलं होतं.”

म्हादूनं विचारलं, मग झाडली कोणी?

“मी.”

तेवढ्यात टापा वाजल्या. जमादारानं तट्टूला टाच मारली होती. हैबती तोंड उघडून पुढचं सांगणार, त्याच्या आत थैली काढून घाट ओलांडायचा जमादाराचा बेत. ते पाहिल्यावर गोंदाच्या डोक्यात उजेड पडला की हा आपल्याला सोडून सगळी थैली एकटाच नेतोय. त्यानं भाला टाकला आणि पायवाट सोडून सरळ उतारावरून घसरत सुटला. आणि या दोघांना पळताना बघितल्यावर वाडीला वेगळं काही सांगायची गरज उरली नाही.

मग जी धावपळ झाली. पुढे तट्टू, त्याच्या पाठी काट्याकुट्यांतून गोंदा, त्याच्या पाठी हातात आले ते वेळू घेऊन वाडीतली माणसं, बायका पदर खोचून, आणि मधे तो जाडा व्यापारी, माझी थैली, माझी थैली करत लोळतच खाली चाललेला. जमादार कड्यावर पोचला, उडी टाकून उतरला, दगड लोटले, थैली ओढली आणि परत रिकिबीत पाय घालणार, तोच वरून गोंदा त्याच्या अंगावर येऊन आदळला. घसरतच आला होता, थांबायचं म्हटलं तरी थांबता आलं नसतं. दोघांनी थैलीची दोन टोकं धरली. राजाचे दोन शिपाई, ज्यांनी चोर धरायचे, ते चिखलात एकमेकांना चावत होते. जमादारानं तलवार उपसली. गोंदानं थैली न सोडताच मागे सरकायचा प्रयत्न केला आणि पाय सुटून कड्याच्या खाली गेला, अर्ध्या अंगानं पाण्यात. आता त्याचा जीव त्या थैलीलाच लोंबकळत होता. वर जमादार, एका हातात थैली, दुसऱ्यात तलवार. थैली सोडावी तर मोहरा नदीत, वर ओढावी तर गोंदा वर येतो. त्यानं तलवार गोंदाच्या मनगटावर उगारली.

साळूचा वेळू त्याच्या हातावर बसला. चांगला बसला. तलवार पाण्यात गेली. मागून म्हादूनं आणि चौघांनी मिळून गोंदाला वेळू दिला, त्यानं तो धरला, आणि भिजलेल्या मांजरासारखा त्याला वर काढला. थैली तेवढी कातड्याची मजबूत होती, फाटली नाही.

हैबती सगळ्यांत शेवटी पोचला. त्या गुडघ्यांनी दरी उतरायची म्हणजे वेळ लागतोच. सगळे बाजूला झाले. त्यानं जमादाराच्या पायापाशी, चौकीच्या हद्दीत, काठी रोवली.

“माग इथं तुटतो,” तो म्हणाला. “इथं तिघांची पावलं आहेत. तिसरं माझं.”

व्यापाऱ्याला थैली मिळाली. सुभेदारापुढे न्याय झाला. जमादाराला आणि गोंदाला बेड्या पडल्या आणि ते राजाच्या किल्ल्यावर दगड वाहायला गेले. गोंदा तिथंही भूक भूक करायचा म्हणे. हैबतीनं आपणहून सांगितलं म्हणून त्याला बेडी पडली नाही, पण खोटी काठी रोवणाऱ्या माग्याची काठी भर चावडीत मोडायचा रिवाज होता. ती मोडली. नोकरी गेली. म्हैस तर कधीच आली नाही.

तुम्हाला वाटत असेल की मग वाडीनं त्याला खांद्यावर घेतलं. कशाला घेईल? म्हादूनं त्याला तोंडावर सांगितलं, “तू काठी रोवलीस त्या रात्री वाडीत कोणी जेवलं नाही, ते मी विसरायचा नाही. आज उपटलीस, तेही विसरायचा नाही. दोन्ही माझ्याजवळ राहतील.”

हैबतीला ते रास्त वाटलं. तो मोडक्या गुडघ्यांनी वाडीत फिरला, प्रत्येक उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, “मी तुमच्यावर आळ घेतला, तो खोटा होता. चुकलो.” काहींनी दार उघडलं, पाणी दिलं. काहींनी दार लावून घेतलं. साळूनं आत बोलावलं नाही, बराच वेळ उन्हात उभं ठेवलं, हातातलं सूप विणून पुरं केलं, आणि मग म्हणाली, बरं. एवढंच. पण हैबती म्हणे परत जाताना ताठ चालत होता. गुडघे तेच होते.

तात्पर्य पाहिजेच असेल तर लिहून घ्या: चोरीचा पैसा राखायचा म्हणजे चोरीचा आळ कोणा गरिबाच्या दारात टाकावाच लागतो. म्हणून थैली हाताला लागली की आधी हे बघावं की तिची किंमत कोण भरणार आहे. आणि आळ टाकून चुकलात, तर ज्याच्यावर टाकला त्याच्या दारात जाऊन, त्याला ऐकू जाईल असं, चुकलो म्हणावं. त्यानं कोणी मरत नाही.

हे आता पाठवा तुमच्या सगळ्यांना. आमच्या आळीतल्या केशव ढोबळ्याला दोनदा पाठवा. भजनी मंडळाचा तांब्याचा हंडा मी विकला असं तो पारावर चार माणसांत बोलला होता. हंडा त्याच्याच मेव्हण्याच्या माळ्यावर निघाला, त्याला आता सहा वर्षं झाली. माझं घर त्याच्या घरापासून तिसरं, दार दिवसभर उघडं असतं, आणि केशव ढोबळे अजून आलेला नाही.